पक्षी बिघडला असेल, असं कुणी म्हणालं नाही

खाणीत आग लागून माणसं गेली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या धंद्यात असं व्हायचंच." तुर्कस्तानात सोमा इथल्या कोळशाच्या खाणीत १३ मे २०१४ रोजी ३०१ जण गेले, तेव्हा पंतप्रधान एर्दोआन यांनी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या खाणींचे दाखले देत हाच सूर लावला. मला हे मुळीच मान्य नाही.

अशा आगीत ज्वाळांपेक्षा कार्बन मोनॉक्साइड जास्त जीव घेतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. आणि श्वासासाठी आत सोडलेली हवाच त्याला सगळीकडे पोचवते. पण उपायही त्यातच आहे. कोळसा आतल्या आत तापू लागला की ज्वाळा दिसण्याआधी हा वायू सुटतो, आणि सेन्सर तो टिपतो. सोमाच्या खाणीतही सेन्सर होते. त्यांनी वाढलेले आकडे नोंदवले होते, असं तज्ज्ञांच्या अहवालात आलं. काम मात्र चालूच राहिलं!

अमेरिकेत आयडाहोमधल्या सनशाइन या चांदीच्या खाणीत २ मे १९७२ रोजी धूर जाणवल्यावर आधी आग कुठे आहे याचा शोध सुरू झाला, बाहेर पडण्याचा हुकूम नंतर निघाला. ९१ जण गेले.

यावर ठरलेलं उत्तर असतं. डिझेल इंजिनाच्या धुरानेही भोंगा वाजतो, दरवेळी काम थांबवून कसं चालेल? खोटे इशारे येतात, हे खरं. मग सेन्सर सुधारा. डिझेलचा धूर वेगळा ओळखणारे सेन्सरही निघाले आहेत. पण तोवर भोंगा खोटा धरायचा, हा कुठला न्याय? शाळा सुटल्याची घंटा झाली की पोरं मुख्याध्यापकांच्या सहीची वाट बघत नाहीत. खाणीतही नियम तसाच हवा. आकडा ओलांडला की माणसं आधी वर, चौकशी मागाहून. आणि त्यापायी कुणाची मजुरी कापायची नाही.

ब्रिटनच्या खाणींत १९८६ पर्यंत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत. पक्षी कोसळला की माणसं मागे फिरत. यंत्र त्या पक्ष्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. फक्त त्याचं ऐकलं तर काम थांबतं आणि तेच मालकाला परवडत नाही. बघा पटतंय का.