कळा आणण्याआधी नाळेचं ऐका

डॉप्लर इफेक्ट म्हटला की आपल्याला काय आठवतं? रेल्वेची शिट्टी आणि फर्स्ट इयरच्या फिजिक्सचे पाच मार्क! 1842 साली डॉप्लरने तो ताऱ्यांसाठी मांडला. 1977 साली डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी त्याच तत्त्वावर पोटातल्या बाळाच्या नाळेतलं रक्त कसं वाहतं ते टिपलं. आपला धडा मात्र शिट्टीपाशीच संपतो.

औषध देऊन कळा सुरू केल्या की प्रत्येक कळेला गर्भाशय आवळतं आणि वारेचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो. धडधाकट बाळ ते सोसतं. पण आईचं बीपी वाढलेलं असेल, बाळाची वाढ खुंटली असेल तर वार आधीच कमजोर असू शकते. दोन ठोक्यांच्या मधेही नाळेतून रक्त पुढे वाहत राहिलं पाहिजे. ते थांबलं किंवा उलटं फिरलं तर कळा न आणता बहुधा सिझेरियनच करावं लागतं. जोखमीच्या गरोदरपणात ही तपासणी केल्याने बाळांचे मृत्यू कमी होतात, असं संशोधन सांगतं. (सरसकट सगळ्यांची करून तसा फायदा दिसलेला नाही, हेही खरं.)

आता आमचं कोरेगाव भीमा. नगर रोडवर, पुण्यापासून सुमारे 30 किलोमीटर. वहिनीचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "कळा आणण्याआधी कलर डॉप्लर करून आणा." मशीन तिथेच होतं, पण सोनोग्राफीचे डॉक्टर ठरलेल्या वारीच येत. मग काय, दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन वाघोलीच्या ट्रॅफिकमधून पुणं! रिपोर्ट चांगला आला, पण अख्खा दिवस गेला.

सोनोग्राफी मशीन कोणीही कुठेही ठेवू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने 1988 सालीच कायदा केला, देशाचा 1994 साली आला. तरी 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली! कायदा सैल करा म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

पण नाळेतला प्रवाह मोजायला चित्र लागतंच असं नाही. चार मेगाहर्ट्झची लहर सोडली तर फरक पडतो दोन-तीन किलोहर्ट्झचा, म्हणजे चक्क कानाला ऐकू येणारा. प्रोबचा कोन माहीत नसला तरी चालतं. ठोक्याच्या वेळचा वेग भागिले दोन ठोक्यांमधला वेग केलं की कॉस थीटा कटतो. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या सीएसआयआर आणि मेडिकल रिसर्च कौन्सिलने असंच 'अंबिफ्लो' नावाचं यंत्र केलंय. चित्र नाही, फक्त आलेख. मुलगा-मुलगी कळायचा प्रश्नच नाही. बाळाच्या मेंदूतला प्रवाह बघायला मोठं मशीन लागणारच, आणि कळा सुरू झाल्यावर ठोके तपासत राहावेच लागतात. पण पुण्याला कोणाला पाठवायचं, एवढं तरी गावातच ठरेल.

दरवर्षी आपल्याकडे लाईन फॉलोअर रोबोंचा पूर येतो. ईएनटीसीच्या सरांना विनंती, यंदा एका ग्रुपला हा प्रोजेक्ट द्या. सुरुवातीला पंप आणि रबरी नळीवरच टेस्ट करू. आमच्या गावाजवळ वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएमचं ग्रामीण आरोग्य संशोधनाचं काम चालतं. तिथे विचारायला मी येतो. बाईक माझी, पेट्रोल तुमचं!