आर्डुइनो क्वालकॉमकडे चाललं. तुमच्या टेबलावरच्या बोर्डाचं काय?

७ ऑक्टोबर २०२५ ला क्वालकॉमने जाहीर केलं, की ते आर्डुइनो विकत घेत आहेत. मोबाइलच्या चिप बनवणारी बलाढ्य अमेरिकन कंपनी आणि इटलीतल्या इव्रेया गावात २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेला स्वस्त, खुला बोर्ड, अशी ही जोडी. किती पैशांत व्यवहार झाला ते सांगितलं नाही. आर्डुइनोचं नाव आणि ब्रँड तसाच राहील, एवढं मात्र आवर्जून सांगितलं.

पुढच्याच महिन्यात आर्डुइनोच्या वापराच्या अटी बदलल्या आणि चर्चा पेटली. अमेरिकेतल्या अ‍ॅडाफ्रूट या कंपनीने जाहीर आक्षेप घेतला: रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई का, आणि वापरकर्त्याने अपलोड केलेल्या गोष्टींवर कंपनीला इतके हक्क कशाला? आर्डुइनोचं उत्तर असं, की ही मनाई आमच्या क्लाउड सेवांपुरती आहे, जे खुलं होतं ते खुलंच राहील.

तेव्हापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातोय: "मग आता यात पडावं की नको?" माझं उत्तर: बिनधास्त पडा. फक्त बोर्ड सेटअप करताना पहिल्या अर्ध्या तासात काय निवडता, त्याकडे लक्ष द्या. कंपनी कोणाची झाली यापेक्षा त्या अर्ध्या तासाने जास्त फरक पडतो.

एक बोर्ड, तीन थर

वायफायवर चालणारा कोणताही बोर्ड घ्या, त्यात तीन थर असतात.

पहिला थर हार्डवेअरचा. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो ईएसपी३२. हा आर्डुइनोचा नाहीच, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ मध्ये आली. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ आतच. एकदा विकत घेतला की बोर्ड तुमचा. क्वालकॉम तो परत मागायला येणार नाही.

दुसरा थर टूल्सचा. ज्या आर्डुइनो आयडीईमध्ये आपण कोड लिहितो, ती खुल्या परवान्याखाली आहे. ईएसपी३२ साठी लागणारं पॅकेज एस्प्रेसिफ स्वतः सांभाळते, आणि तेही खुलं आहे. उद्या कोणी दार लावलंच, तर आजचा सोर्स घेऊन दुसरे लोक पुढे जाऊ शकतात.

तिसरा थर क्लाउडचा. ब्राउझरमध्ये कोड लिहायचा, फोनवर डॅशबोर्ड बघायचा, दूरवरून बटण दाबायचं. हा सोयीचा थर, पण इथला सर्व्हर तुमचा नाही. अटी बदलल्या, दर वाढले किंवा सेवाच बंद पडली, तर तुमच्या हातात काही नाही. नोव्हेंबरचा वाद ज्या अटींवरून पेटला, त्या आर्डुइनोच्या म्हणण्याप्रमाणे याच थराच्या.

हे आधी घडलंय

एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले. हब शाबूत, दिवे शाबूत, पण अ‍ॅप ढिम्म. गूगलनेही आपली आयओटी कोअर सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. गूगलने वर्षभर आधी सांगितलं होतं, इन्स्टिऑनने तेही नाही. दोन्हीकडे गोष्ट एकच: तिसरा थर गेला आणि त्याच्यावर टेकलेलं सगळं अडकलं.

मग सेटअप कसा करायचा?

आधी केबल बघा. फक्त चार्जिंगची यूएसबी केबल असेल तर कम्प्युटरला बोर्ड दिसणारच नाही, डेटा केबलच हवी. तरीही पोर्ट दिसत नसेल तर बोर्डावरची यूएसबीची छोटी चिप बघा. ती बहुतेक वेळा सीएच३४० किंवा सीपी२१०२ असते, त्याप्रमाणे ड्रायव्हर टाका.

आयडीई कम्प्युटरवर डाउनलोड करून घ्या, ब्राउझरमधली नको. बोर्ड्स मॅनेजरमध्ये एस्प्रेसिफचं ईएसपी३२ पॅकेज शोधून टाका आणि कोणती आवृत्ती टाकली ते वहीत लिहून ठेवा. हे सांगायचं कारण: २०२४ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत एलईडी मंद-तेज करायची जुनी फंक्शन्स काढून टाकली गेली. जुन्या व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवणाऱ्यांना तिथेच एरर येतो आणि वाटतं, बोर्डच खराब आहे.

अपलोड करताना "कनेक्टिंग..." वर गाडी अडकली तर बूट लिहिलेलं बटण दाबून धरा, अपलोड सुरू झालं की सोडा. सिरियल मॉनिटरचा वेग कोडमध्ये दिलाय तोच ठेवा, साधारणपणे ११५२००. नाहीतर अक्षरांची खिचडी दिसेल.

वायफाय जोडताना लक्षात ठेवा, मूळ ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क कळतं. राउटर किंवा फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर पासवर्ड बरोबर असूनही तो जोडला जाणार नाही. आणि वायफायचा पासवर्ड मुख्य कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. कोड मित्राला पाठवताना घराची किल्ली सोबत जायला नको.

आता खरा निर्णय: डेटा पाठवायचा कुठे? घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर मॉस्किटो नावाचा एमक्यूटीटी ब्रोकर फुकटात चालतो. बोर्ड त्याला निरोप देतो, आणि त्याच वायफायवरचा तुमचा फोन तो वाचतो. इंटरनेट लागतच नाही. हवा असेल तर क्लाउड नंतर वरून जोडा.

उदाहरण सोसायटीच्या टाकीचं घेऊ. टाकी भरली की पंप बंद करायचा आहे. "भरली का?" हा प्रश्न बोर्डाने सर्व्हरला विचारायचा नाही. फ्लोट स्विच बोर्डालाच जोडा, निर्णय तिथल्या तिथे होऊ द्या, क्लाउडला फक्त खबर जाऊ द्या. म्हणजे नेट गेलं तरी पाणी गच्चीवरून वाहणार नाही. (बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पंपाच्या मेन लाइनचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.)

दुसरी बाजूही बघू

क्लाउड म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं नाही. पुण्यात बसून गावच्या विहिरीची मोटर बघायची असेल तर मध्ये कोणाचा तरी सर्व्हर लागतोच. आणि ईएसपी३२ सुद्धा पूर्ण खुला नाही: त्याच्या वायफायचं मूळ सॉफ्टवेअर एस्प्रेसिफ बंद स्वरूपातच देते. पण ते तुमच्या बोर्डावर बसून चालतं, रोज कोणाची परवानगी मागत नाही. फरक तिथे आहे.

मोठ्या कंपनीचा फायदाही होऊ शकतो. खरेदीच्या घोषणेसोबतच उनो क्यू हा नवा बोर्ड आला. त्यात लिनक्स चालवणारा क्वालकॉमचा प्रोसेसर आणि शेजारी एसटीचा मायक्रोकंट्रोलर आहे. कॅमेऱ्यातून वस्तू ओळखण्यासारखी कामं यावर जमतील, साध्या उनोवर ती कल्पनाही करता येत नव्हती.

मी पुढे तीन गोष्टींवर नजर ठेवणार आहे. आयडीई खातं न उघडता चालत राहते का? नव्या बोर्डांचे आराखडे प्रसिद्ध होतात का? आणि दुसऱ्या कंपन्यांच्या बोर्डांना त्यात आजच्यासारखीच जागा राहते का? यातलं एक जरी उत्तर "नाही" आलं, तर काळजीचं कारण आहे.

तोवर आपला प्रोजेक्ट तपासायची सोपी परीक्षा: राउटरची इंटरनेटची वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. पंप वेळेवर बंद झाला, दिवा लागला, तर बोर्ड तुमचा. नाही झाला, तर आयडीई उघडा, काम बाकी आहे.