अवजारांचे घर आणि उंदरांचे बिऱ्हाड

शेतकऱ्याच्या मालमत्तेचा हिशेब करावयास बसले म्हणजे जमीन, गुरेढोरे व घरात आलेले धान एवढ्याच गोष्टी प्रथम ध्यानात येतात. परंतु या हिशेबात आता एका मोठ्या रकमेची भर पडली आहे. फवारणी पंप, मळणी यंत्र, विद्युत पंप व त्याचा स्टार्टर, रबरी व प्लास्टिकचे पाईप, ताडपत्र्या, बारदाना आणि ज्यांना शक्य झाले त्यांच्या दारी ट्रॅक्टर व रोटाव्हेटर, अशी बरीच पुंजी गोठ्यात, पडवीत किंवा कवेलूच्या एखाद्या छपराखाली पडून असते. वर्षातील थोडे दिवस हे साहित्य कामास येते. उरलेले दिवस ते उंदीर व घुशी यांच्या हवाली असते. या पुंजीच्या रक्षणासंबंधी प्रस्तुत लेखकाचे मत असे की, उंदीर मारण्याचा आपण जितका विचार करतो, त्याच्या चतुर्थांशानेही त्याला बिऱ्हाड न देण्याचा विचार करीत नाही. हा क्रम उलटल्याशिवाय औषधावरील खर्च सार्थकी लागणार नाही.

जुन्या काळी नांगर, वखर, दताळे ही अवजारे लाकडाची व लोखंडाची असत. दोर किंवा चामडे कुरतडले जाई, परंतु काम अडत नसे. आजची अवजारे रबर, प्लास्टिक व तारा यांवर चालतात आणि उंदराच्या दातांना नेमके हेच पदार्थ मानवतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. पोट भरलेले असले तरी ही गरज संपत नाही. म्हणून ज्या छपरात धान्याचा दाणाही नाही, तेथील वायरीसुद्धा सुरक्षित नसतात. ट्रॅक्टरच्या वायरीवरील आवरण गेले की तारा एकमेकींस लागून ठिणगी पडते. इंजिनाशेजारी अथवा सायलेन्सरजवळ वाळल्या तणसाचे घरटे असेल, तर त्या ठिणगीतून किंवा तापलेल्या लोखंडातून आग लागण्यास वेळ लागत नाही.

नुकसान किती रुपयांचे झाले, यापेक्षा ते कोणत्या दिवशी उघडकीस आले हे अधिक महत्त्वाचे असते. तुडतुड्यांचा प्रादुर्भाव झाल्यावर पंप खाली काढावा आणि नळीला भोक दिसावे. कापलेल्या धानाचे पुंजणे रचून झाल्यावर आभाळ भरून यावे आणि उलगडलेल्या ताडपत्रीच्या प्रत्येक घडीवर एकेक छिद्र दिसावे. अशा वेळी बुडते ते नळीचे किंवा ताडपत्रीचे मोल नव्हे, तर हातातोंडाशी आलेले पीक. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या पानसे समितीने काढणीनंतरच्या धान्यनाशाचा अंदाज केला, तेव्हा एकट्या उंदरांमुळे अडीच टक्के धान्य जाते असे धरले होते. धान्याच्या या हानीकडे निदान लक्ष तरी गेले. अवजारांची हानी मात्र शेतकऱ्याच्या वहीत दुरुस्तीखर्च या नावाखाली लपून राहते.

सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड व भोवतालची गावे ही धानाची गावे आहेत. येथील घरांची रचना पाहिली तर उंदरांच्या सोयीची बरीचशी व्यवस्था नकळत होऊन गेलेली दिसते. गोठ्याला लागून तणसाचा ढीग, ढिगाजवळ सरपण, त्यापलीकडे मातीच्या भिंतीची खोली, खोलीत धानाची ढोली आणि तिच्याच आडोशाला पंप, पाईप व रिकामी पोती. अन्न, आडोसा व पाणी या उंदराच्या तीन गरजा येथे वीस पावलांच्या आत भागतात. पूर्वी धान एकदाच होई आणि उन्हाळ्यात उंदरांची उपासमार होऊन त्यांची संख्या आपोआप घटे. जेथे तलावाच्या अथवा विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी धान होऊ लागले, तेथे हा उपासमारीचा काळही राहिलेला नाही. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उंदीर बांधीतून घराकडे येतात. कापणीनंतर बांधी रिकामी झाली म्हणजे पुन्हा येतात. या दोन वेळा ओळखून त्यांपूर्वी तयारी केली पाहिजे.

शत्रू कोण हे जाणल्यावाचून बंदोबस्त होत नाही. घरउंदीर चढण्यात पटाईत. तो वाशांवरून, तारेवरून, भिंतीस टेकलेल्या शिडीवरून येतो. घूस जमीन पोखरून पायाखालून आत शिरते. लहान उंदराला पेन्सिलीएवढी फटही पुरते. चिचुंद्री मात्र उंदीर नव्हे. ती किडे खाते. तिला उंदीर समजून मारण्यात लाभ नाही.

रिकामे घर आणि आत धान्य, हा योग किती घातक ठरू शकतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. भीतीने अनेक गावकऱ्यांनी तडा गेलेली घरे सोडली व बाहेर आसरा घेतला. धान्य मात्र त्या बंद घरांतच राहिले. तेथे उंदरांची बेसुमार वाढ झाली आणि ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेगाचे रुग्ण आढळले. आपल्या गावात प्लेग येईल असे भय घालण्याचा येथे हेतू नाही. ज्या जागेत माणसाचा वावर नाही, झाडू फिरत नाही आणि खावयास काही आहे, ती जागा उंदरांची होते, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

आपल्या घराची ओसरी रोज झाडली जाते, स्वयंपाकघर सारवले जाते. अवजारांची खोली मात्र कोणाच्याच झाडूच्या वाट्यास येत नाही. स्त्रिया ती पुरुषांची जागा मानतात आणि पुरुष ती कामापुरती उघडतात. खरी अडचण येथे आहे. बाजारातील कोणतीही पुडी तिच्यावर उतारा होऊ शकत नाही.

शिवाय उंदीर एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग नाग व घोणस येतात. अंधारात पोत्यांच्या ढिगात किंवा तणसात हात घालणाऱ्या माणसाचा जीव त्यामुळे धोक्यात येतो. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या दंशाने स्क्रब टायफस होतो; २०१८ साली नागपूर परिसरात या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. म्हणून अवजारांची खोली साफ करणे हे पैसा वाचविण्याइतकेच माणसे वाचविण्याचेही काम आहे.

आता औषधाविषयी. झिंक फॉस्फाइड एका मात्रेत काम करते. परंतु ज्या उंदराने थोडे खाल्ले व तो वाचला, तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावीत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष देऊन मगच विषारी आमिष ठेवावे लागते आणि लागोपाठ त्याचा प्रयोग करून उपयोग होत नाही. या विषावर उतारा नाही, हेही स्मरणात ठेवावे. ब्रोमाडिओलोनचा परिणाम काही दिवसांनी दिसतो. त्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, परंतु तो डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. दोन्ही औषधे मुले, कोंबड्या, कुत्री व गुरे यांच्या हाती वा तोंडी लागणार नाहीत अशीच ठेवली पाहिजेत. ती कालव्याच्या भांड्यांचा घरात पुन्हा वापर करू नये व मेलेले उंदीर खोल पुरावेत. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडालाही अपाय होऊ शकतो. घुबड व धामण हे उंदरांचे नैसर्गिक शत्रू आहेत. धामण बिनविषारी आहे. तिला काठी मारणारा शेतकरी आपलाच राखणदार मारतो. औषध अजिबात वापरू नये असे नव्हे. परंतु बिऱ्हाड तसेच राहिले तर मेलेल्यांची जागा नवे उंदीर थोड्याच दिवसांत भरून काढतात, कारण उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व वर्षात अनेकदा विते.

तेव्हा प्रथम कामे करावयाची ती बिनपैशाची. तणसाचा ढीग, सरपण व केरकचरा अवजारांच्या खोलीपासून दूर न्यावा आणि भिंतीभोवती दोन-तीन हात जागा मोकळी व स्वच्छ ठेवावी. धान, बियाणे व पेंड यांचा अवजारांच्या खोलीत साठा करू नये. मळणी यंत्र ठेवण्यापूर्वी ते थोडा वेळ रिकामे चालवून व झाडून आतील दाणा न् दाणा काढावा. एरवी आपणच यंत्राच्या पोटात उंदरांची शिदोरी बांधून ठेवतो. पंप धुऊन, नळी सोडवून, गुंडाळी करून छताला बांधलेल्या तारेवर टांगावी. ताडपत्र्या व पोती पूर्ण वाळवून, जमिनीपासून दोन-अडीच हात उंचीच्या मांडणीवर व भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावीत. ट्रॅक्टरचे झाकण आठवड्यातून एकदा उघडून पाहावे व महिन्यात एकदा तरी इंजिन सुरू करावे. सारे सामान पंधरा दिवसांनी जागचे हलविले तर घरटे जमत नाही.

त्यानंतर थोड्या खर्चाची कामे. दाराच्या तळाशी वीतभर रुंदीचा पत्रा ठोकावा व उंबरठ्याशी पाव इंचाहून अधिक फट ठेवू नये. खिडक्यांना व झरोक्यांना बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. भिंतीतील बिळे नुसत्या मातीने न बुजविता काचेचे तुकडे अथवा खडी घालून सिमेंटने बुजवावीत. नवी खोली बांधावयाची असल्यास पाया दोन फूट तरी खोल घ्यावा व जमीन पक्की करावी. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. बिळे चालू आहेत की जुनी, हे कळण्यास संध्याकाळी सर्व तोंडे ओल्या मातीने बंद करावीत; सकाळी जी उघडी दिसतील तेवढीच चालू समजावीत व आमिष तेथेच वापरावे. पिंजरे भिंतीच्या कडेने लावावेत आणि पहिले दोन-तीन दिवस आमिष घालून उघडेच ठेवावेत. नव्या वस्तूला उंदीर बुजतो, त्याची भीड चेपू द्यावी.

दोन एकरांच्या शेतकऱ्याने सिमेंटची खोली कोठून बांधावी, असा आक्षेप येईल व तो रास्त आहे. परंतु वर सांगितलेल्या पहिल्या कामांना श्रमाखेरीज काही लागत नाही. ज्या यंत्रांचा वापर अनेकजण मिळून करतात, त्यांच्यासाठी बचत गटाने, शेतकरी गटाने किंवा सेवा सहकारी संस्थेने एकच उंदीरप्रतिबंधक खोली बांधणे प्रत्येकाने आपल्या छपराला ठिगळे लावण्यापेक्षा स्वस्त पडेल. शासनानेही यंत्रासाठी अनुदान देताना ते यंत्र कोठे ठेवले जाणार, हा प्रश्न अर्जातच विचारला पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती करावीशी वाटते. उंदीर निर्मूलन मोहिमेचे यश किती पुड्या वाटल्या व किती उंदीर मेले यांवरून मोजण्याचा प्रघात सोडून द्यावा. किती खोल्यांची दारे पत्र्याने मढली, किती ढीग हलले व एका महिन्यानंतर किती बिळे चालू राहिली, हे मोजावे. तसेच ही मोहीम एका घराची नसून साऱ्या टोलीची आहे. एकाने आपली खोली स्वच्छ केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर उंदीर मरत नाहीत, फक्त घर बदलतात. मृगापूर्वी एक दिवस व दिवाळीपूर्वी एक दिवस असे वर्षातून दोन दिवस ग्रामसभेने ठरवावेत आणि त्या दिवशी प्रत्येक घरातील स्त्री-पुरुषांनी मिळून अवजारांची खोली उघडावी.

बैलाला गोठा लागतो, धानाला ढोली लागते, हे आपणांस कोणी शिकवावे लागले नाही. यंत्रालाही घर लागते, आणि ते घर उंदरांच्या आधी आपण वापरले पाहिजे, एवढी एकच नवी सवय आता अंगी बाणवावयाची आहे.