पांच बोटें सारखीं नसतात म्हणे!

गरिबाच्या हालांचा विषय निघाला कीं सुखवस्तु माणूस आपला पंजा पुढें धरतो आणि म्हणतो, "अहो, हाताचीं पांच बोटें कोठें सारखीं असतात?" हें बोलणारा गृहस्थ स्वतःस नेहमीं मधलें बोट समजत असतो. करंगळीच्या तोंडून ही म्हण आम्हीं अद्याप ऐकलेली नाहीं. बोटें लहानमोठीं असतात हें खरें. पण पांचांनाही रक्त एकाच मनगटांतून मिळतें. एखाद्या बोटास सुतळीनें करकचून आवळावें आणि तें काळें पडल्यावर "त्याचें नशीब!" म्हणावें, असा शहाणा अजून जन्माला यावयाचा आहे असें आम्हांस वाटत होतें. पण ऊंसतोड मजुरांच्या लेंकरांबद्दल आपल्या महाराष्ट्रांत राजरोस हेंच बोललें जातें. तेव्हां ही सुतळी कोण आवळतो तें एकदां पाहूं.

दसरा झाला कीं बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवर मुकादमाच्या गाड्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसें दोन, पण वहींत नग एक! उचल पावसाळ्यांतच घेतलेली असते आणि ती बियाण्यांत, दवाखान्यांत नाहीं तर लेंकीच्या लग्नांत केव्हांच जिरलेली असते. मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत सांगली म्हणा, कोल्हापूर म्हणा, कर्नाटक म्हणा, गाडी नेईल तेथें जावें. पहाटे अंधारांत फडांत उतरावें, ऊंस तोडावा, साळावा, मोळ्या बांधाव्या आणि डोक्यावरून वाहून गाडींत रचाव्या. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीचा दर टनामागें २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वर्तमानपत्रांनीं "३४ टक्के वाढ" अशी मोठी अक्षरें छापलीं. आतां हिशेब आमच्या चौथीच्या मुलाकडून करून घ्या. एका कोयत्यानें दिवसांत दोन टन तोडले तर ७३२ रुपये, आणि तेही दोघांत. त्यांतून उचल फिटावयाची. आजारी पडलें तर खाडा, खाड्याचे पैसे कापले. बाईमाणसाचें दुखणें तर कोणी खिजगणतींतही धरीत नाहीं. २०१९ सालीं सरकारच्याच समितीपुढें बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आंकडे आले : ऊंसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली! हेंही बोटांच्या लांबीनेंच झालें काय?

हे हाल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं स्वतः भोगलेले आहेत. ते आम्ही त्यांना काय सांगणार? आम्ही पडलों मास्तर. आमचा पगार महिन्याचे महिन्यास होतो, फडांत आम्ही उतरत नाहीं. आम्हांस दिसतो तो हजेरीपट. जूनमध्यें भरलेला वर्ग दिवाळीनंतर विरळ होतो. नांवांपुढच्या रेघा कोऱ्या राहूं लागतात. ज्या मुलीला नुकता कोठें भागाकार जमूं लागला होता, ती फडाच्या बांधावर पाचटाच्या सांवलींत धाकट्या भावाला झोळींत हलवीत बसलेली असते. थोडी मोठी झाली कीं खोपीवर भाकरी थापते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. एप्रिलांत ती परत येते तेव्हां वर्ग पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आलेला असतो आणि ती त्याच भागाकारावर.

यावर सरकारी उत्तर तयार आहे. शिक्षण हमी कार्ड आहे. तें घेऊन जेथें टोळी जाईल तेथील शाळेंत बसावें. कागदावर यांत कांहींच उणें नाहीं. परंतु टोळी आज या शिवारांत, पंधरा दिवसांनीं त्या शिवारांत. खोपीपासून शाळा लांब. आणि टोळी कर्नाटकांत गेली तर शाळा कानडी! कार्डावर शिक्का आहे, पण शिक्क्याला कानडी येत नाहीं.

आतां परीक्षांकडे वळूं, कारण सुतळीची खरी गांठ तेथें आहे. आठवींतील गरीब पण हुशार मुलांसाठीं केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ति आहे. घरचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असलें आणि परीक्षेंत निवड झाली, तर नववीपासून बारावीपर्यंत दरसाल बारा हजार रुपये मिळतात. पोर शाळेंतून गळूं नये हाच तिचा हेतु, आणि हेतु चांगलाच आहे. पण ही परीक्षा आपल्या राज्यांत केव्हां होते? २०२३ सालीं ती २४ डिसेंबरला झाली, २०२४ सालीं २२ डिसेंबरला. म्हणजे ऐन हंगामांत! जी परीक्षा गरिबाच्या पोरासाठीं काढली, ती गरिबांतला गरीब पोर दोनअडीचशें मैलांवर मोळ्या उचलीत असतांना घ्यावयाची. पांचवी-आठवीची दुसरी शिष्यवृत्ति परीक्षा २०२४ व २०२५ या दोन्ही सालीं फेब्रुवारींत झाली. तेव्हांही धुराडें पेटलेलेंच. या तारखा कोणीं दुष्टपणानें ठरविल्या असें आम्ही म्हणत नाहीं. दुष्टाला निदान आपण कोणाचें नुकसान करतों हें माहीत असतें. येथें तारखा ठरविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें हें पोर आलेंच नाहीं.

आणि मग निकाल लागतो. यादी झळकते, हारतुरे होतात, पाहुणे गुणवत्तेवर व्याख्यान देतात. ज्याचें पोर बारा महिने शाळेंत, संध्याकाळीं शिकवणीला, आणि पुढें दोनतीन लाख रुपये भरून लातूर नाहीं तर कोट्याला जातें, त्याचा तो गुण. जें सहा महिने शाळेंत आणि सहा महिने फडांत असतें, त्याचा तो दोष! शर्यतींत एकाचे पाय बांधावे आणि दुसऱ्याच्या वेगाचें कौतुक करावें, यास आमच्या खेड्यांत गुणवत्ता म्हणत नाहींत. काय म्हणतात तें संपादक छापणार नाहींत.

शिक्षणाचें हें गाऱ्हाणें जुनें आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें लेखी निवेदन दिलें : सरकारचा वसूल रयतेच्या घामाचा, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांची मागणी होती. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत तसा कायदा केला. साऱ्या देशांत हा हक्क कायद्यानें अमलांत आला १ एप्रिल २०१० रोजीं. मागणीपासून कायद्यास १२८ वर्षें लागलीं! इतक्या वर्षांत ज्यांच्या घरीं आधींच पाटी-दौत होती त्यांच्या चारपांच पिढ्या कचेऱ्यांतून बसून निवृत्त झाल्या. नशीब म्हणतात तें हें.

पण येथें आम्हांस घरच्याच माणसांशीं दोन शब्द बोलले पाहिजेत. शेटजी-भटजींकडे बोट दाखविण्याची आपल्याला जुनी संवय आहे, आणि ती उगाच लागली नाहीं. परंतु प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला, त्याला आतां पाऊणशें वर्षें झालीं. आज कारखान्यांच्या संचालकांच्या खुर्च्यांवर बसणारे बहुतेक बहुजन समाजाचेच आहेत. बागाइतदारही आपलेच, मुकादमही आपलेच. मोळी गाडींत चढली कीं नाहीं हें विचारायला बांधावर येणारा बागाइतदार, मोळीशेजारीं बसलेलें पोर कितवींत आहे हें विचारतो काय? त्याचें स्वतःचें पोर त्याच वेळीं पिंवळ्या बसमधून इंग्रजी शाळेस गेलेलें असतें. फुल्यांची तसबीर सभागृहांत लावणें सोपें आहे. कारखान्याच्या आवारांत परीक्षेचें केंद्र मागणें अवघड आहे, कारण त्यासाठीं चिठ्ठी लिहावी लागते.

आमची मागणी साधी आहे. गरिबांसाठीं म्हणून जी परीक्षा आहे ती टोळ्या गांवीं असतांना, जुलै-ऑगस्टांत घ्या. तें जमत नसेल तर साखर कारखान्यांवर केंद्रें द्या. हंगामी वसतिगृहें गाड्या भरण्यापूर्वीं सुरू करा. पोर आजीपाशीं राहून दोन्ही वेळ शाळेच्या आवारांत जेवूं लागलें कीं मग तें फडावर कशाला जाईल? दिवाळीनंतर मंजुरी येऊन उपयोग काय? तोंवर पोर सांगलीच्या पलीकडे पोंचलेलें असतें.

आणि बंधुभगिनींनो, हें आपोआप होणार नाहीं. शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक असावेत असा कायदा आहे. तुमचें नांव तींत आहे कीं नाहीं, आणि असल्यास सही कोण करतो, तें आधीं पाहा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेची वाट पाहूं नका. त्या दिवशीं गांवांत म्हातारे आणि कुत्रीं राहतात. १५ ऑगस्टच्या सभेला सर्व कोयते एकत्र बसा. बायकांनाही आणा, कारण कोण पोर मागें ठेवावयाचें हें त्यांनाच ठरवावें लागतें. मुलांच्या नांवांची यादी करा. लिहितां येत नसेल तर मास्तरकडून लिहून घ्या, तेवढें आम्ही बिनपैशानें करूं. वसतिगृहाचा ठराव त्याच सभेंत घालून यादीसह तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, आणि तारीख-शिक्क्याची पोंच हातांत पडल्याशिवाय कचेरीच्या पायऱ्या उतरूं नका.