निसटण्याचें भय

आजच्या तरुणांस एका नव्या भयानें पछाडलें आहे: आपणांवांचून कोठें तरी आनंद चालला आहे आणि तो आपल्या हातून निसटत आहे. मोबाइलच्या पडद्यावर मित्राचा प्रवास, मैत्रिणीचा विवाह, कोणाची मेजवानी, इतकेंच काय, मक्केंतील उमरादेखील क्षणोक्षणीं दिसतो आणि पाहणारा तळमळतो. मुसलमान तरुणांपुढें उपदेशक मंडळी ह्यावर एकच औषध ठेवतात: मोबाइल टाका, संतोष धरा. हें निदान आम्हांस उथळ वाटतें.

पहिली गोष्ट, रोग यंत्राहून जुना आहे. कुराणाची १०२ वी सूरा 'तकासुर' ही अधिकाच्या चढाओढीवरच आहे. ही चढाओढ माणसास थेट कबरीपर्यंत गुंतवून ठेवते, असें तिचें म्हणणें. तेव्हां पडदा नव्हता; शेजाऱ्याचें वैभव होतें. लग्नाच्या जेवणावळींत शेजाऱ्यावर ताण करणाऱ्या वडील मंडळींनीं मुलांस बोल लावण्यापूर्वीं हें आठवावें.

दुसरी गोष्ट, इस्लाम निसटण्याचें भय सरसकट निषिद्ध मानीत नाहीं. 'हदीद' ह्या ५७ व्या सूरेची २३ वी आयत हातून गेलेल्याचा शोक आणि मिळालेल्याचा उन्माद, दोन्ही वर्ज्य सांगते. तेथें 'हातून जाणें' ह्या अर्थीं आलेला अरबी धातु तोच, ज्यापासून आमच्या महसुली दप्तरांत मृताच्या नांवापुढें लिहिला जाणारा 'फौत' शब्द आला. पण बुखारीच्या हदीससंग्रहांत तोच धातु अस्रच्या नमाजास लावला आहे: तो ज्याचा चुकला, त्याचें घरदार व धन जणूं लुटलें गेलें. अर्थात् भय काढून टाकावयाचें नाहीं. त्याची जागा बदलावयाची आहे. कांहीं निसटूं नये म्हणून मध्यरात्र उलटेपर्यंत जागणाऱ्याचा पहाटेचा नमाज मात्र निसटतो, आणि त्याचें भय त्यास वाटत नाहीं! ह्याहून उलटी समज ती कोणती?

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यास शिक्षण, नोकरी किंवा भाड्याचें घर नाकारलें गेलें, त्या तरुणाची तळमळ ही हांव नव्हे. त्यास 'कनाअत', म्हणजे संतोष, शिकविणें हा धर्म नसून सोईस्कर आळस होय. त्याच सूरेंत अवघ्या दोन आयतींनंतर, लोकांनीं न्यायानें वागावें म्हणून ग्रंथ आणि तराजू पाठविल्याचें सांगितलें आहे. मेजवानी चुकली तर संतोष धरावा. न्याय चुकला तर तो मागावा. हा विवेक ज्यास सांगतां येत नाहीं, त्यानें तरुणांस उपदेश न केलेला बरा.