'साठी' कुणासाठी?

बीडला इंग्रजीच्या क्लासमध्ये आम्ही एकच प्रकार घोटून घोटून सोडवायचो. 'टू' काढा, 'इन ऑर्डर टू' घाला, अर्थ बदलू नका. सर म्हणायचे, दोन्ही एकच, 'साठी' लिहा आणि पुढे चला. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आज ते परत करावेसे वाटतात, कारण अर्थ बदलतो.

माझी आई दिवाळी झाली की ऊस तोडायला जायची. 'तोडायला' हा साधा 'टू'. गेली, एवढंच. 'तोडण्यासाठी' म्हटलं की हेतू ठळक होतो, जणू चार कामांतून तिने हेच निवडलं. 'इन ऑर्डर टू' तेच करतो. आणि तिसरा 'टू' आहे: 'शी केम होम टू फाइंड द वेल ड्राय.' कोरडी विहीर बघावी म्हणून कुणी घरी येत नाही. घरी आली, तर विहीर आटलेली. इथला 'टू' हेतू सांगतच नाही, पदरी काय पडलं ते सांगतो.

हा व्याकरणाचा कीस नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया देशभर गाजल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या चर्चेत एक वाक्य रुळलं, इंग्रजीतही आणि मराठीतही: कामाला खाडा पडू नये यासाठी बायका गर्भाशय काढून घेतात. कर्ता बाई, हेतूही बाईचाच. उचल देणारा मुकादम, खाड्याचा दंड, कॅन्सरची भीती घालणारा डॉक्टर, यांतला एकही त्या वाक्यात नाही.

आमच्याकडच्या बाया असं बोलत नाहीत. "पोटात लई दुखायचं, डॉक्टर म्हणला कॅन्सर हुईल, म्हणून पिशवी काढली." या 'म्हणून'च्या आधी तिच्यासोबत घडलेलं सगळं आहे. 'साठी' ते पुसतो आणि पुढे तिची इच्छा उभी करतो.

कुणी म्हणेल, काहींनी ठरवून काढलीच असेल. असेल. पण पाळीच्या दिवसांतही कोयता थांबवता येत नसेल, फडावर संडास नसेल, तर त्या ठरवण्याला हेतू म्हणायचं?

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत 'टू' किंवा 'साठी' दिसला, की थांबा. हेतू कुणाचा, हे आधी विचारा. आणि तुम्ही स्वतः पोस्ट लिहिणार असाल, तर मुकादमाला वाक्यात घ्या. तो कर्ता आहे.