किती नोड तपासले?

भोरजवळच्या उत्रोलीचा एखादा शेतकरी महिनोन्‌महिने ‘पित्त झालंय’ म्हणत गोळ्या खातो. वजन उतरतं, एंडोस्कोपीत जठराचा कर्करोग निघतो आणि तो कापूरहोळमार्गे पुणं गाठतो. पुढचं बरंचसं तो कोणत्या दारात उभा राहतो त्यावर ठरतं. जठराभोवतालच्या लसिकाग्रंथी, म्हणजे नोड, कुणी थोडे काढतं, कुणी धमन्यांच्या मुळापर्यंत जाऊन नीट वेचून काढतं. घरच्यांना दोन्हीकडे एवढंच कळतं, ‘जठर काढलं’.

‘प्रत्येक रोगी वेगळा, शस्त्रक्रियेला साचा कशाला?’ असं काही जण म्हणतात. रोगी वेगळा असतो, पण रोग पसरायच्या वाटा ठरलेल्या आहेत. किमान 16 नोड तपासावेत, असं रोगाची पायरी ठरवणारे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. चारच तपासून ‘पसरलेला नाही’ म्हणणं म्हणजे न शोधताच निर्वाळा देणं.

दुसरा आक्षेप, जास्त नोड काढण्यात जिवाला जास्त धोका असल्याचा, खरोखर वजनदार आहे. नेदरलँड्समध्ये 1989 ते 1993 या काळात 711 रुग्णांवर चाचणी झाली. विस्तृत, म्हणजे डी-टू शस्त्रक्रियेनंतर 10 टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. मर्यादित शस्त्रक्रियेनंतर 4 टक्के. हे आकडे पाहून अनेकांनी डी-टूकडे पाठ फिरवली. मात्र त्या चाचणीत अनेकांची प्लीहा आणि स्वादुपिंडाचं टोकही काढलं गेलं होतं, आणि बहुतेक शल्यविशारदांना ही पद्धत नवी होती. पंधरा वर्षांनी हिशेब झाला तेव्हा जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू डी-टू गटात 37 टक्के होते, दुसऱ्यात 48. एका जपानी चाचणीत, सरावलेल्या हातांखाली, मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के राहिलं. त्याच चाचणीने हेही दाखवलं की महाधमनीजवळचे नोड सरसकट काढून आयुष्य वाढत नाही. म्हणजे प्रमाण पद्धत शल्यविशारदाला कुठे थांबायचं तेही सांगते.

‘जपान्यांचं आपल्याला कसं लागू पडेल?’ परळच्या टाटा रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी भारतीय रुग्णांवरचा आपला डी-टूचा अनुभव 2006 मध्येच प्रसिद्ध केला. ही शस्त्रक्रिया इथेही सुरक्षितपणे करता येते, हे त्यातून दिसलं.

तेव्हा मागणी साधी आहे. एंडोस्कोपी आणि बायोप्सी भोरजवळ व्हावी, शस्त्रक्रिया मात्र सराव असलेल्या केंद्रातच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकार भरतं. बिल मंजूर करताना पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधला नोडचा आकडाही तपासावा. आणि तोच आकडा उत्रोलीला परतणाऱ्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेला असावा.